थकलेल्या चालकाला शिक्षा करताना

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले आणि विषय आमच्यावरच सोपवला. आम्ही घरी बसून विचार केला, की आज समोर बसणाऱ्या घरांपैकी किती घरांची चूल चाकावर चालते? कोणी ट्रकवर आहे, कोणी टँकरवर, कोणी एस.टी.त चालक-वाहक, कोणी रेल्वेत गँगमन, कोणी कारखान्याच्या बसवर, कोणाची स्वतःची रिक्षा किंवा टेम्पो. डहाणू-तलासरीचा माणूस एक तर रुळाला लागून राहतो, नाही तर हायवेला लागून. म्हणून आज याच माणसाबद्दल बोलायचे ठरवले. दमलेल्या माणसाच्या हातून मोठी चूक झाली, तर त्याला शिक्षा कशी करावी, किती करावी, आणि ती त्याला एकट्यालाच करावी काय, असा आमचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल. पण या प्रश्नात आम्ही स्वतः गुंतलेले आहोत. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलायचा अधिकार आम्हाला आहे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

१९९४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा आपला ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. आम्ही त्या वेळी एका खाजगी वाहतूक संस्थेत कारकून होतो. संस्थेचे नाव घेत नाही, ती आता राहिलेलीही नाही. पहाटे पाड्यापाड्यांवरून कामगार गोळा करायचे, कारखान्यांवर सोडायचे, रात्रपाळीची माणसे परत आणायची, असे काम होते. आमच्याकडे गाड्यांचे हजेरी-रजिस्टर असे. कोण किती वाजता निघाला, किती वाजता आला, हे आमच्याच हाताने लिहिलेले.

एका पहाटे गाडी वळणावर सरळ गेली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. कोणी दगावले नाही, पण अकरा जण जखमी झाले. त्यातल्या एका वीस वर्षांच्या मुलीचा उजवा हात कायमचा अधू झाला. चालक आपल्याच समाजाचा, नऊ वर्षे गाडी चालवणारा, आधीचा एकही मेमो नाही. त्याला लगेच सस्पेंड केले. आरोपपत्र आम्हीच टाइप केले. ‘कामावर असताना झोप घेतली आणि प्रवाशांचे प्राण धोक्यात घातले’, असे ते वाक्य होते. चौकशी तीन बैठकांत संपली. चौकशी अधिकाऱ्याने विचारले, “झोपला होतास काय?” तो म्हणाला, “होय साहेब, डोळा लागला.” झाले! गुन्हा कबूल. खाली सही, आणि पंधरा दिवसांत डिसमिस.

आता रजिस्टरात काय होते ते ऐका. तो माणूस आदल्या रात्री साडेअकराला गाडी लावून गेला होता आणि पहाटे साडेचारला त्याला पुन्हा गाडीवर चढवले होते. मधे फक्त पाच तास. त्यात सायकलने घरी जाणे, जेवण, आणि परत येणे. सलग चौथा दिवस असा होता, कारण दुसरा चालक आजारी होता. हे पान आमच्या कपाटात होते. चौकशीत कोणी मागितले नाही, आणि आम्ही दाखवले नाही. आमची नोकरी नवी होती, घरात म्हातारे आई-वडील होते, हे कारण आम्ही तेव्हा स्वतःला दिले. कारण खरे होते. पण कपाटही आमचेच होते, आणि किल्लीही आमच्याच खिशात होती.

बंधू-भगिनींनो, थकवा हा आळस नव्हे. ‘इच्छाशक्ती असेल तर माणूस जागा राहतो’, असे साहेब लोक म्हणतात आणि आपले चालकही छाती पुढे काढून म्हणतात. ते खोटे आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला सतत जागे ठेवले आणि त्याच्या हाता-डोळ्यांचे काम मोजले. मग दारू पाजून तेच मोजले. सतरा तास जागा असलेला माणूस शंभर मिलिलीटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्य असल्यासारखा वागतो, आणि चोवीस तास जागा असलेला शंभर मिलिग्रॅम असल्यासारखा, असे दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे तीस मिलिग्रॅमची. म्हणजे पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला गाडी चालवत असेल, तर न पिताही तो कायद्याच्या रेषेपलीकडे गेलेला असतो. नाक्यावर पोलीस तोंडाला नळी लावून दारू पकडतो. झोप पकडणारी नळी अजून त्याच्या हातात आलेली नाही.

डुलकी म्हणजे तरी किती? तीन-चार सेकंद. पण ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदाला बावीस मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ नव्वद मीटर. तेवढे अंतर गाडी आंधळी धावते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचा वेळ सर्वांत वाईट, कारण शरीराचे घड्याळच त्या वेळी खाली येते. वरून केबिनचा उष्मा. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मालट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. पण रस्त्यावर धावणारे बहुतेक ट्रक त्याआधीचेच आहेत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला आणि ते गेले. त्या दिवशी साऱ्या देशाला चारोटीचे नाव कळले. आपल्याला ते आधीपासून ठाऊक होते. चारोटी नाक्यापासून तलासरी, अच्छाडपर्यंतच्या या रस्त्याने आपल्या किती घरांतले कुंकू पुसले आहे, हे इथल्या आयाबहिणींना विचारा. केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. यातली किती झोपेमुळे मेली हे कोण मोजणार? मेलेला चालक सांगू शकत नाही, आणि वाचलेला भीतीने सांगत नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आमचे बोलणे एकतर्फी होईल. गाडीतल्या चाळीस माणसांनी चालकाच्या हाती जीव दिलेला असतो. ती माणसेही गरिबाचीच असतात. विमानाने जाणारा पहाटे साडेचारच्या कारखान्याच्या बसमध्ये बसत नाही. म्हणून ‘बिचारा गरीब आहे, सोडून द्या’, हे आम्हाला मान्य नाही. अधू हाताच्या त्या मुलीला ‘चालक दमला होता’ हे सांगून तिचा हात परत येत नाही. न्यायालयांनीही हेच धरले आहे. तामिळनाडूतील चोलन रोडवेजच्या एका बस अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये चालकाची बडतर्फी कायम केली. खात्यांतर्गत चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, असे त्यात म्हटले आहे. ज्यांना वाटते की कोर्टातून सुटलो म्हणजे नोकरी वाचली, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग प्रश्न राहतो तो शिक्षा कोणाला आणि कशासाठी हा. सूड उगवायचा असेल तर एक माणूस पुरतो. पुढचा अपघात टाळायचा असेल, तर त्याच्या मागे उभ्या असलेल्यांनाही पुढे बोलवावे लागते.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ सकाळच्या गर्दीत गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ३५ माणसे ठार झाली. सिग्नलच्या कामात एका तंत्रज्ञाने जुनी तार कापून न टाकता तशीच सैल सोडली होती. तिचा स्पर्श झाला आणि लाल व्हायला हवा तो सिग्नल लाल झाला नाही. चूक त्याचीच होती, आणि चौकशीने ती झाकली नाही. पण चौकशीने पुढचा प्रश्न विचारला. हा माणूस किती दिवस काम करत होता? उत्तर निघाले, तेरा आठवड्यांत त्याला फक्त एक दिवस सुट्टी मिळाली होती. त्याचे काम दुसऱ्या कोणी तपासायचे होते, तेही झाले नव्हते. मग कामाचे तास मर्यादित करावेत अशी शिफारस झाली आणि रेल्वेला कोर्टात दंड झाला. आमच्या चौकशी अधिकाऱ्याने रजिस्टराचे एक पान मागितले असते, तर त्यालाही एवढेच करता आले असते.

आपल्याकडे काय होते? १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून मालगाडी आदळली. मालगाडीचा चालक जागीच गेला. त्याच दिवशी वरच्या अधिकाऱ्यांनी त्याने सिग्नल पाळला नाही असे सांगून टाकले. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली तेव्हा निघाले, की सिग्नल बंद पडलेल्या त्या मार्गावर चालकांना चुकीचा कागद दिला गेला होता आणि त्यावर गाडी किती वेगाने न्यायची हेच लिहिलेले नव्हते. मेलेल्या माणसावर ठपका ठेवायला एक दिवस पुरला. तो उतरायला महिना लागला.

आणि मुंबईचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. २०१३ पासून आपल्या डहाणूपर्यंत लोकल येते, तेव्हा मोटरमन हा आपल्याही रोजच्या जगण्यातला माणूस झाला आहे. लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे जाणे हा रेल्वेत फार गंभीर गुन्हा. त्यासाठी नोकरी जाण्यापर्यंत शिक्षा होते, आणि तो गंभीर आहेच, कारण लाल सिग्नलपलीकडे दुसरी गाडी उभी असू शकते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी भायखळा आणि सँडहर्स्ट रोडच्या दरम्यान मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा गाडीखाली मृत्यू झाला. रेल्वेने सांगितले, रूळ ओलांडताना अपघात झाला. सहकाऱ्यांनी सांगितले, त्याच्याकडून लाल सिग्नल ओलांडला गेला होता आणि कारवाईच्या धास्तीने तो खचला होता. दुसऱ्या दिवशी मोटरमन त्याच्या अंत्यसंस्काराला गेले आणि त्यांनी जादा काम करायला नकार दिला. लोकल गाड्या पटापट रद्द झाल्या, स्टेशनांवर गर्दी उसळली.

यातली एक गोष्ट नीट पाहा. मोटरमननी संप पुकारला नव्हता. अंत्यसंस्काराला जाणे आणि नेमलेल्या तासांपेक्षा जास्त काम न करणे, एवढेच. तेवढ्याने गाड्या रद्द होत असतील, तर वेळापत्रकच जादा कामावर उभे आहे, असा अर्थ होतो. म्हणजे दमवणे हा नियम आणि दमून चुकणे हा गुन्हा! हा हिशेब बरोबर नाही.

तासांचा हा लढा जुना आहे, आणि आपल्या मातीतलाही आहे. तलासरीजवळच्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली बांधव जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे ठरवून उठले. गोदूताई परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. वेठ म्हणजे काय? मालक म्हणेल तेव्हा, म्हणेल तितका वेळ राबणे, आणि ‘नाही’ म्हणायची सोय नसणे. आज पगार मिळतो, पण ज्या चालकाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या कामात वेठीचा अंश शिल्लक आहे.

बाबासाहेबांनी तर वाहतूक कामगारांचा प्रश्न फार आधी हाती घेतला होता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, तिचे ते अध्यक्ष होते. कामगाराचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हा विचार त्यांनी तिथेच मांडला. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणून जन्मभर राबत आणि वरच्या जागा त्यांना बंद असत, हे त्यांनी उघड केले. पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामाच्या तासांचा प्रश्न त्यांनी सरकारच्या पटावर आणला. १९३४ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ५४ तास होते. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ झाले. आठ तासांचा दिवस आपण आज गृहीत धरतो, पण त्यामागे एवढी खटपट आहे.

मोटार कामगारांसाठी १९६१ साली वेगळा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आमच्या रजिस्टरातला तो साडेअकरा ते साडेचार! कायदा नऊ तास म्हणत होता, आम्ही पाच दिले होते. चौकशी त्याच्या गुन्ह्याची झाली, आमच्या गुन्ह्याची कधीच झाली नाही. हा कायदा आता २०२० च्या संहितेत मिसळला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आठ तासांचे तत्त्व तिच्यातही आहे. रेल्वेत १९७३ च्या आंदोलनानंतर इंजिन चालकांना दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळाले. पुढे रेल्वे मंडळाच्या २०१६ च्या आदेशाने गाडी चालवण्याचे सलग नऊ तास आणि हजेरीपासून सुटेपर्यंत अकरा तास अशी मर्यादा घातली. कागद आहेत. कागद उघडून दाखवणारा माणूस हवा.

आता शिक्षेची पद्धत. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे गांभीर्य, कामगाराची मागची नोंद आणि दोष कमी किंवा जास्त करणारी परिस्थिती, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात, हे आदर्श स्थायी आदेशांत लिहिलेले आहे. थकवा ही ‘परिस्थिती’ नाही तर काय आहे? महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्याने किरकोळ किंवा तांत्रिक चुकीसाठी, मागची नोकरी न पाहता, कोणालाही धक्का बसेल इतकी अवाजवी शिक्षा करणे ही अनुचित प्रथा ठरवली. बडतर्फी जास्त वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार १९७१ पासून कामगार न्यायालयाला आहे. निलंबनात पहिले नव्वद दिवस निम्मा पगार आणि नंतर पाऊण पगार मिळतो. मात्र एक धोका सांगतो. स्थायी आदेश पूर्वी महाराष्ट्रात पन्नास कामगार असले तरी लागू होत. नव्या संहितेत ती अट तीनशेची आहे. म्हणजे लहान ठिकाणच्या चालकाचे कवच पातळ झाले आहे. अशा वेळी संघटनेला आणि शेजाऱ्याला जास्त जागे राहावे लागेल.

आमच्या मते चौकशीत तीन प्रश्न विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. पहिला, हा माणूस मागच्या सात दिवसांत किती तास झोपला? दुसरा, त्याला गाडीवर कोणी पाठवले, आणि त्याला रजिस्टर माहीत होते काय? तिसरा, ‘मी दमलोय, आज नको’ असे म्हणायची त्याला मुभा होती काय, आणि पूर्वी कोणी म्हटले तेव्हा त्याचे काय झाले?

या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाची वेगळी येतील. विश्रांतीचे नऊ तास मिळाले असताना जो लग्नाच्या वरातीची भाड्याची गाडी मारतो आणि सकाळी डोळे चोळत ड्यूटीवर येतो, त्याचा दोष मोठा. जो पिऊन येतो, त्याच्यासाठी आम्ही एक शब्दही बोलणार नाही. ज्याला चौथ्या रात्री जबरदस्तीने चढवले, त्याचा दोष लहान, आणि चढवणाऱ्याचा मोठा. आमच्या त्या चालकाला शिक्षा व्हायलाच हवी होती. काही महिने स्टिअरिंगवरून उतरवायचे, गॅरेजमध्ये काम द्यायचे, वेतनवाढ रोखायची, डोळे आणि प्रकृती तपासून, पुन्हा चाचणी घेऊन मगच गाडी द्यायची. आणि त्याच दिवशी ड्यूटी लावणाऱ्यालाही आरोपपत्र द्यायचे. मुलीच्या हाताची भरपाई मालकाने करायची. असे झाले असते तर त्याला न्याय म्हणता आले असते.

धम्माने या बाबतीत आपल्याला कोरे ठेवलेले नाही. विनयात वाद मिटवण्याच्या ज्या सात रीती आहेत, त्यांत सम्मुखाविनय पहिला. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समोर, संघासमोर, धम्म आणि विनयाला धरून निर्णय. पाठीमागे निकाल नाही. आणि अमूळ्हविनय नावाची रीत आहे. चित्त ठिकाणावर नसताना भिक्षूच्या हातून काही घडले, आणि पुढे तो सावरला, तर त्या गोष्टीचा दोष त्याच्या माथी मारीत बसत नाहीत. थकवा म्हणजे वेड नव्हे, हे आम्हालाही कळते. पण कृती पाहताना करणाऱ्याच्या चित्ताची अवस्था पाहावी, एवढे तरी त्यातून शिकता येते.

आणि झोपेबद्दल तर स्वतः भगवंतांचा उपदेश आहे. अंगुत्तर निकायात ही कथा येते. महामोग्गल्लान हे केवढे अग्रश्रावक! मगध देशातील कल्लवाळपुत्त गावी ध्यानाला बसले असता त्यांना पेंग येऊ लागली. भगवंत तिथे आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एकामागून एक उपाय सांगितले. मनातला विषय बदल, धम्माचे चिंतन कर, पाठ म्हण, कान ओढ आणि अंग चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार आणि दिशांकडे, ताऱ्यांकडे पाहा, मनात उजेड आण, येरझाऱ्या घाल. आणि एवढे करूनही पेंग गेली नाही तर? तर उजव्या कुशीवर आडवा हो आणि उठायची वेळ मनात ठरवून झोप. बंधू-भगिनींनो, मोग्गल्लानांसारख्या ऋद्धिमंतालाही शेवटी ‘झोप’ असेच सांगितले गेले. मग रात्री दोन वाजता अच्छाडच्या नाक्यावरून निघणाऱ्या आपल्या पोराने तोंडावर पाणी मारून, तंबाखूची गोळी धरून, सकाळपर्यंत जागेच राहावे, असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

आता थोडे घरातले बोलू. आपल्यातल्याही काही तरुणांनी कर्ज काढून टेम्पो, ट्रक घेतले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण मालक झालो की आपलीही जीभ बदलते. घोलवडचा चिकू वेळेत बाजारात पोचला पाहिजे, बँकेचा हप्ता दहा तारखेला भरला पाहिजे, म्हणून आपणच आपल्या चालकाला फोन करतो, “अरे, एवढी एक खेप मार, मग झोप.” तो ‘एवढी एक खेप’ शब्द आजपासून आपल्या तोंडून जाऊ द्या. ज्याला वरच्याने राबवले, त्याने खालच्याला राबवू नये, यासाठीच तर आपण इतकी वर्षे भांडलो.

चालक बांधवांनी एक दहा रुपयांची वही ठेवावी. कधी निघालो, कधी आलो, किती झोपलो, रोज तीन आकडे. डबल ड्यूटी लावली तर ‘विश्रांती झालेली नाही’ असे दोन ओळींत लिहून द्यावे आणि एक प्रत घरी ठेवावी. चौकशीत सोबत बचावासाठी प्रतिनिधी मागावा. हजेरी-रजिस्टर मागावे. नुसते ‘होय साहेब’ म्हणून सही करू नये. खरे सांगावे, पण पूर्ण सांगावे. “डोळा लागला” हे अर्धे खरे. “पाच तासांत परत बोलावले म्हणून डोळा लागला” हे पूर्ण खरे. बहिणींना एकच विनंती. रात्रपाळीवरून आलेला माणूस दुपारी झोपलेला असेल तर त्याला बाजारासाठी, पाहुण्यांसाठी उठवू नका. पोरांना टी.व्ही.चा आवाज कमी करायला सांगा. त्याची झोप ही चाळीस माणसांची राखण आहे. आणि आमच्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांना, कारकुनांना, सुपरवायझरना सांगणे असे, की तुमच्या कपाटात एखादे पान असेल, तर ते कोणी मागण्याची वाट पाहू नका.

त्या चालकाचे पुढे काय झाले? झोपला म्हणून नोकरीवरून काढलेला तो माणूस पोटासाठी हायवेवर रात्रीचा ट्रक चालवू लागला. म्हणजे झोपेची शिक्षा म्हणून त्याला आणखी कमी झोपेच्या कामावर पाठवले गेले. पंधरा वर्षे त्याने ते केले. सुदैवाने जिवंत राहिला.

त्या मुलीचे वडील आम्हाला सहा महिन्यांनी तलासरीच्या बाजारात भेटले. आम्हाला वाटले शिव्या देतील. ते म्हणाले, “त्याला काढला ते कळलं. पन माझी धाकटी त्याच गाडीनं जाते. दुसऱ्या दिशी नवा ड्रायव्हर आला, तो पन रातच्याला अकराला आला होता आन् पहाटं परत गाडीवर. मंग माझ्या पोरीच्या हातानं तुमी शिकला काय?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही खाली मान घालून निघून आलो. त्यानंतर वर्षभरात ती नोकरी सोडली. पुढे जिथे काम केले, तिथे कोणाच्याही चौकशीत रजिस्टर आधी टेबलावर ठेवायचे आणि मग खुर्चीत बसायचे, असा नेम केला. त्यामुळे दोन वेळा साहेबांची बोलणी खाल्ली. पण तीन घरांच्या चुली विझायच्या वाचल्या. त्या पहिल्या घराचे ऋण मात्र त्याने फिटलेले नाही. तो माणूस आज या सभेत बसलेला आहे. त्याचे नाव आम्ही घेणार नाही. चार वर्षांपूर्वी त्याच्या घरी जाऊन आम्ही कपाटातल्या पानाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” आणि चहा ठेवायला सांगितला. त्याच्याच परवानगीने आज हे सर्वांसमोर बोललो.

विहाराचा वर्धापनदिन म्हणजे नुसती रंगरंगोटी आणि भोजनदान नव्हे. इथे पंचशील घेताना आपण प्राणिहिंसेपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करतो. दमलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देणे हीदेखील त्या प्रतिज्ञेशी केलेली गद्दारी आहे, आणि चुकलेल्या माणसाला एकट्याला पुढे करून बाकीच्यांनी लपणे हेही तसेच. समितीने एक वही विहारात ठेवावी आणि महिन्यातून एका पौर्णिमेला वस्तीतल्या चालकांचे तास त्यात लिहून घ्यावेत, अशी सूचना करून आम्ही थांबतो. पहिल्या पानावर लिहायला आम्ही स्वतः बसू. अक्षर अजून बरे आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!